कॅरिझोच्या मैदानातली ती उघडी वर्तुळं कुणाची?

किरण_फ्रेस्नो

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असतो, मूळ परभणी जिल्ह्यातला. मे महिन्याच्या सुरुवातीला घरच्यांना घेऊन कॅरिझो प्लेनला गेलो होतो. फुलं सरली होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं. सोडा लेक रोडवर एका ठिकाणी गाडी कडेला लावली आणि पाय मोकळे करायला उतरलो. तेव्हा रस्त्याच्या कडेलाच काही विचित्र दिसलं.

चारही बाजूंना गुडघ्याखाली येईल एवढं गवत, आणि मध्येच चार-पाच पावलं रुंदीचं एक वर्तुळ साफ केलेलं. जरा उंचवटा, माती भुसभुशीत, गवत मुळाशी कापलेलं. पुढे बघितलं तर असं एक नव्हतं, नजर जाईल तिथवर ठिपके-ठिपके होते. प्रत्येकात दोन-तीन बिळं. एक तिरकं आत जाणारं, एक सरळ खाली. एका वर्तुळात तर गवताच्या ओंब्यांचा ढीग घातलेला होता. काड्या सगळ्या सारख्या लांबीच्या, कापही एकसारखे. मुलगी म्हणाली, बाबा, हे कुणी कापलं? मला सांगता येईना.

तिथल्या एका माहितीफलकावर 'जायंट कांगारू रॅट' आणि 'नामशेष होण्याच्या मार्गावर' एवढं वाचलं. आता माझा प्रश्न मनापासून आहे, कुणी रागावू नका. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. आमच्याकडे ज्वारी भरायच्या दिवसांत बांधाबांधाने बिळं शोधायची, ती बुजवायची, दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील त्यात झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकायच्या, हे ठरलेलं काम. उंदीर किती धान्य नेतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे मी ठिबक सिंचनाच्या कामात आहे, आणि इथल्या सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिमेला एका शेतावर बिळांची पाहणी होईपर्यंत आमचा चर खणायचं काम थांबलं होतं. हा प्राणी नेमका आहे काय, ते ढीग कशाचे, तो इथेच का, आणि त्याच्यासाठी एवढं सगळं का, हे कुणी नीट सांगेल का?

सौरकण

किरण, त्याच मैदानाच्या उत्तर टोकाला मी सौर प्रकल्पांच्या उभारणीत काम केलंय, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

तिथे दोन मोठे प्रकल्प आहेत. टोपाझ ५५० मेगावॉटचा आणि कॅलिफोर्निया व्हॅली सोलर रँच २५० मेगावॉटचा. दोन्ही २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि दोन-तीन वर्षांत उभे राहिले. जागा निवडताना ऊन, सपाटी आणि जवळून जाणारी उच्चदाबाची वाहिनी बघितली होती. पण तेच सपाट कोरडं मैदान या उंदराचंही घर आहे आणि किट फॉक्स नावाच्या छोट्या खोकडाचंही. त्यामुळे जमीन सपाट करणारा ग्रेडर फिरवण्याआधी जीवशास्त्रज्ञ पायी चालून एकेक बीळ बघत, झेंडे लावत. अंतर्गत रस्त्यांवर वेगाला कडक मर्यादा होती. कुंपणाची जाळी जमिनीपासून वर उचललेली, खोकडाला खालून ये-जा करता यावी म्हणून. आणि प्रकल्पाच्या जागेबाहेर हजारो एकर जमीन विकत घेऊन कायमची राखीव ठेवावी लागली.

सुरुवातीला आमच्यातल्या बऱ्याच जणांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा, मी नाकारत नाही. पण कामाचं वेळापत्रक त्या हिशोबाने एकदा बसलं की पुढे काही अडत नाही. अडतं ते पाहणी उशिरा लावली की. तुमच्या चराचंही तसंच झालं असावं असा माझा अंदाज.

प्राण्याबद्दल माळढोक ताई लिहितील. त्या तिकडे प्रत्यक्ष काम करतात.

माळढोक

किरण, काड्यांचे काप सारखे आहेत हे तुमच्या लक्षात आलं, याचा मला फार आनंद झाला. बहुतेक लोक फुलांचे फोटो काढत त्याच वर्तुळांवरून चालत जातात आणि पायाखाली काय होतं ते त्यांना कळतही नाही.

मी मूळची सोलापूरची. सॅन वाकीन खोऱ्यात आणि कॅरिझोवर परवानाधारक जीवशास्त्रज्ञांच्या हाताखाली क्षेत्रसाहाय्यक म्हणून काम करते. या प्राण्याला हात लावायलाही केंद्र सरकारचा परवाना लागतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

ते ढीग म्हणजे त्याच्या गंज्या. आपल्याकडे कडबा वाळवून रचतात तसंच हे काम आहे आणि कारणही तेच. एप्रिल-मेमध्ये गवताच्या ओंब्या आणि रानफुलांच्या शेंगा भरतात पण पुऱ्या वाळलेल्या नसतात. त्या ओल्याच बिळात नेल्या तर बुरशी धरेल. म्हणून तो त्या कापून वर्तुळात पसरतो, कधी ढीग घालतो, कधी बोटभर खोल खड्ड्यांत भरून वरून माती लोटतो. कित्येक आठवडे उन्हात वाळल्या की मग एकेक करून खाली कोठीत नेतो. जून संपता संपता बाहेर काही उरत नाही. पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत, तो त्याच साठ्यावर असतो. पाऊस हुकला तर त्याहूनही पुढे.

एका वर्तुळात एकच प्रौढ प्राणी राहतो. पिल्लं असली तर तेवढ्यापुरती आईजवळ. शेजाऱ्याने आत पाऊल टाकलेलं त्याला चालत नाही, कारण शेजारी येतो तो गंजीवर डल्ला मारायलाच. त्याची इशारा द्यायची पद्धत म्हणजे मागच्या लांब पायांनी जमीन बडवणं. सलग, जलद, पुष्कळ वेळ. रात्री वारा पडलेला असला की हा आवाज स्पष्ट कळतो आणि एकाने सुरू केलं की पलीकडचाही उत्तर देतो. साप जवळ आला तरी तो असाच पाय बडवतो. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॅन रँडल यांनी कांगारू रॅटच्या वेगवेगळ्या जातींच्या या पदताडनावर आयुष्यभर काम केलं आहे. त्याच्या कवटीत कानाच्या मागे हाडाचे मोठे पोकळ फुगे असतात, त्यामुळे घुबडाच्या पंखांसारखे अगदी खालच्या पट्टीचे आवाजही त्याला ऐकू येतात.

आता जवळून कसा दिसतो ते. उन्हं उतरली की आम्ही पत्र्याचे लांबट सापळे लावतो. नेहमीपेक्षा लांब घ्यायचे, कारण याची शेपूट अंगापेक्षा मोठी असते आणि दार पडताना ती चिरडायला नको. आमिष म्हणून पाळीव पक्ष्यांना घालतात ते राळ्यासारखं बारीक बी. आत कागदाचा बोळा, कारण वाळवंट म्हटलं तरी रात्री थंडी कडाक्याची पडते. मग ठरलेल्या वेळी फेरी मारायची. दार पडलेलं दिसलं की तोंडावर कापडी पिशवी धरून सापळा हळूच उलटा करायचा, पिशवीला काटा अडकवून वजन घ्यायचं. चांगला वाढलेला दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. कांगारू रॅटच्या वीसएक जाती आहेत, त्यांत हा सर्वांत मोठा. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, शेपटीच्या टोकाला काळपट गोंडा. डोळे मोठे, पुढचे पाय इतके छोटे की छातीशी धरलेल्या हातांसारखे वाटतात.

मला दरवेळी थांबून बघावंसं वाटतं ते त्याचे गालाचे खिसे. तोंडाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून उघडणारे, आतून बारीक लव असलेले. करंगळीने हलकेच दाबलं की बी बाहेर घरंगळतं, आणि ते कोरडं असतं. खिसा तोंडात उघडत नाही, म्हणून लाळ लागत नाही. थुंकीएवढं पाणीसुद्धा वाया जाऊ न देणारं शरीर आहे ते. हा प्राणी पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. कोरडं बी पचवताना शरीरात जे पाणी तयार होतं आणि पाल्यातून जे मिळतं त्यावर भागतं. लघवी अतिशय घट्ट, श्वासाबरोबर जाणारी वाफ नाकाच्या थंड नळीतच परत धरली जाते, आणि दिवसभर मुक्काम गार बिळात.

आता, इथेच का. सॅन वाकीन खोरं म्हटलं की लोकांना बदाम, पिस्ते, टोमॅटो, कापूस आठवतो, पण दक्षिण आणि पश्चिम कडेला हे खोरं मुळात वाळवंटच आहे. किनाऱ्यालगतच्या डोंगररांगा समुद्राकडून येणारा ओलावा अडवतात. कॅरिझोवर वर्षाला पाऊस जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटर. या उंदराला हवी असते सपाट किंवा मंद उताराची, पाणी न तुंबणारी, उकरता येईल अशी माती आणि विरळ, बुटकं, वर्षायू (एका हंगामात उगवून वाळणारं) गवत. अशी पट्टी मर्सेड परगण्याच्या दक्षिण टोकापासून कर्न परगण्यापर्यंत पश्चिम कडेने जाते, शिवाय डोंगराआडचं कॅरिझो मैदान आणि कुयामा खोरं. जगात याव्यतिरिक्त कुठेही तो नव्हता आणि नाही.

आणि हीच पट्टी पाणी आल्यावर सोन्यासारखी पिकते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया ॲक्विडक्ट झाला, कालव्याचं पाणी पश्चिम कडेला पोहोचलं, आणि नांगर फिरला. टॅफ्ट-मॅककिट्रिककडे तेलाच्या विहिरी आधीपासून होत्याच. त्यात उंदीर मारायला विषारी धान्य सरसकट पेरलं गेलं. मूळ प्रदेशाच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी जागेत आज तो उरलाय. मुख्य तुकडे म्हणजे कॅरिझो, कर्नच्या पश्चिमेचा लोकर्न-एल्क हिल्स भाग आणि उत्तरेला पानोचे खोरं. १९८० मध्ये राज्याने आणि १९८७ मध्ये केंद्राने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं.

तुमचा कळीचा प्रश्न, एवढं सगळं का. परभणीच्या ज्वारीतला उंदीर आणि हा, यांची गोष्ट एक नाही. तो नांगरलेल्या रानात, बांधावर, घरात, गोदामात, सगळीकडे जगतो. मारला तरी दोन हंगामांत परत तेवढाच होतो. हा नांगराखाली राहू शकत नाही. वर्षानुवर्षं वापरलेलं त्याचं बीळ आणि कोठी एका दिवसात जाते, आणि बाजूला दुसरी मोकळी जागा नसली तर तोही जातो. तुमच्या वडिलांनी केलं ते पीक राखण्यासाठी केलं. त्यात मला चूक दिसत नाही.

शिवाय तो मैदानावर नुसता राहत नाही, मैदान घडवतो. किट फॉक्सच्या पोटात कॅरिझोवर मुख्यत्वे हाच सापडतो. बोथट नाकाचा बिबट्या सरडा, तोही संकटग्रस्त, उन्हाच्या तडाख्यात आणि हिवाळ्यात याच बिळांत शिरतो, कारण त्याला स्वतःला एवढं खोल उकरता येत नाही. सॅन वाकीन अँटिलोप स्क्विरल नावाची खार, बिळात राहणारं घुबड, साप, कीटक, सगळ्यांना ही आयती घरं. उकरल्यामुळे वर्तुळातली माती भुसभुशीत आणि कसदार होते. हिवाळ्यात पाऊस पडला की पहिलं हिरवं तिथेच दिसतं, आणि उन्हाळ्यात पहिलं उघडंही तिथलंच होतं. ही वर्तुळं उपग्रहाच्या आणि विमानातून काढलेल्या चित्रांत दिसतात. वस्ती कुठवर पसरली आहे हे आता त्यावरूनही ठरवता येतं.

सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच भुसभुशीत मातीचा फायदा युरोपातून आलेल्या परदेशी गवतांनाही होतो, आणि वर्तुळांवर ती जास्त फोफावतात हे संशोधकांनी नोंदवलंय. २००७ पासून लॉरा प्रू आणि जस्टिन ब्रॅशर्स यांच्या गटाने इथे मोठा प्रयोग मांडला. काही तुकड्यांना गुरं आत जाणार नाहीत अशी कुंपणं, काहींना उंदीरही जाणार नाहीत अशी. उकरण्याचा परिणाम वेगळा आणि खाण्याचा वेगळा, हे त्यातून सुटं करून बघता आलं. नुसतं 'उंदीर चांगला' किंवा 'गुरं वाईट' असं म्हणून भागत नाही, कुठल्या साली किती पाऊस झाला त्यावर उत्तर बदलतं.

आणि मला जी काळजी आहे ती पावसाचीच. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात एक-दोन हंगाम असे गेले की कापायला ओंब्याच आल्या नाहीत. कॅरिझोवरची संख्या झपाट्याने घसरली. आधी रात्री पाय ठेवायला जागा नसावी अशी चहलपहल असलेल्या भागात रिकामे सापळे उचलणं हा अनुभव मला विसरता येत नाही. पाऊस परतला तशी संख्याही सावरली. पूर्वी एका भागात बसली तर शेजारच्या भागातून भरून यायची. आता तुकड्यांमध्ये कालवे, बागा आणि महामार्ग आहेत. पानोचे आणि कॅरिझो यांत दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि त्या दोन वस्त्या जनुकीयदृष्ट्याही एकमेकींपासून वेगळ्या पडल्यात. एखादा तुकडा पुरता रिकामा झाला तर तिथे चालत येणारं कुणी नाही. म्हणून एकेका बिळाची पाहणी होते. तुमचा चर थांबला तो यासाठी.

थारचा_पाहुणा

उत्तम प्रतिसाद, ताई. मी नोकरीनिमित्त जोधपूरला आहे. आमच्याकडे वाळवंटी जर्ड नावाचे उंदीर, मेरिओनेस हुरियानी, दिवसाढवळ्या घोळक्याने बिळांबाहेर उभे दिसतात. रस्त्याच्या कडेच्या वाळूत तर बिळांची चाळणच असते. हा मात्र थारपासून पाकिस्तान आणि आग्नेय इराणपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे तुमच्या उंदराइतका कोंडलेला नाही, आणि इथे त्याची गणना शेतीच्या शत्रूंत होते. इथल्या काझरी (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन) संस्थेत वाळवंटी उंदरांवर फार जुनं आणि मोठं काम झालंय, ईश्वर प्रकाश यांचं नाव त्यात आदराने घेतलं जातं. त्यांच्याच कामातून इथे नियंत्रणाच्या पद्धती बसल्या.

मला विचारायचंय, हा कांगारू रॅट आणि आपले जर्ड किंवा आफ्रिकेतले जर्बोआ जवळचे नातेवाईक का? उड्या मारण्याची ढब तर जर्बोआसारखीच वाटते.

माळढोक

थारचा_पाहुणा, नातं दूरचं. कांगारू रॅट फक्त उत्तर अमेरिकेत सापडतात, त्यांचं कुळ हेटेरोमायिडी. त्यांचे जवळचे सोयरे म्हणजे इथले पॉकेट माऊस आणि गोफर. जर्ड हा घरच्या उंदरांच्या बाजूचा. जर्बोआ तिसरीकडचाच. मोकळी वाळू, लपायला झाड नाही, वरून घुबड, खालून साप, अशा जागी दोन लांब पायांवर वेडीवाकडी झेप घेणारा वाचतो. दोन खंडांत दोन वेगळ्या घराण्यांनी तीच ढब घेतली.

जर्डाबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. शेतात घुसणाऱ्या आणि भरपूर असणाऱ्या जातीचं नियंत्रण करायला माझा विरोध नाही. माझी तक्रार आहे ती पारख न करता टाकलेल्या विषाबद्दल. कर्नमध्ये पूर्वी जे धान्य पेरलं गेलं त्याने जमिनीवरची खार आणि हा उंदीर यांत फरक केला नाही. आजही खोकड आणि घुबडं विष खाल्लेला उंदीर खाऊन मरतात. बेकर्सफील्ड शहरात किट फॉक्स राहतात, त्यांच्या बाबतीत ही भीती कायमची आहे.

किरण_फ्रेस्नो

ताई, फार सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. लेकीला गंज्यांचं वाचून दाखवलं, तिला ते लगेच कळलं. तिची आजी गावाकडे कडब्याच्या गंजीवरून तिला उतरवत असते.

आणखी एक विचारतो. इकडे पश्चिम खोऱ्यात भूजलाचा २०१४ चा कायदा हळूहळू लागू होतोय. ज्यांना उपसा कमी करावा लागणार त्यांच्या कित्येक एकर बागा निघणार, हे आमच्या धंद्यात रोज ऐकतो. त्या पडीक राहणाऱ्या जमिनीवर हा प्राणी आपोआप परत येईल का? आणि पुढच्या वेळी मुलीला तो प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर कधी आणि कसं जावं?

माळढोक

आधी दुसऱ्याचं सांगते, ते सोपं आहे.

अंधार पडल्यानंतरचे पहिले दोन तास बघा, तेव्हा त्याची सर्वाधिक लगबग असते.  एप्रिल अखेर ते जूनची सुरुवात उत्तम, गंज्याही दिसतील. गाडीतच बसा, दिवे मंद, बॅटरीवर लाल कागद. रस्ता सोडून पायी वर्तुळांत शिरू नका. वरून घट्ट दिसणारी माती खाली पोकळ असते आणि तुमच्या एका पावलाने आतलं बीळ बसतं. कॅरिझोवर पेट्रोल, पाणी, खाणं काहीच मिळत नाही, टॅफ्ट किंवा सांता मार्गारिटाला टाकी भरून घ्या. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका, चिकणमातीत रुततेच. मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही.

आता पडीक जमिनीचं. परत येतो, पण अटी आहेत. कॅरिझोवरच पूर्वी मोठ्या भागात कोरडवाहू गहू होता. ती शेती थांबल्यावर काही रानांत हे उंदीर पुन्हा पसरले, कारण लागूनच जिवंत वस्ती होती. २००१ मध्ये राष्ट्रीय स्मारक जाहीर झाल्यावर सुमारे अडीच लाख एकर एकसंध राहिलं, त्याचाही आधार मिळाला. पण खोऱ्याच्या मध्यभागी, चहूबाजूंनी पिस्त्याच्या बागा आणि कालवे असलेला एखादा तुकडा सोडून दिला तर तिथे तो उडत जाणार नाही. तिथे आधी रशियन थिसल आणि मोहरीवर्गी तण माजेल. गवत दाट झालं तरी त्याला अडचणच, त्याला पळायला मोकळी जमीन लागते. म्हणून खूप ओलं वर्षही त्याला दरवेळी मानवतंच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की कुठली जमीन पाण्याविना सोडायची याचा निर्णय नुसत्या विहिरींच्या हिशोबावर होऊ नये. डोंगराच्या पायथ्याची, उरलेल्या वस्तीला लागून असलेली, दोन तुकड्यांना जोडणारी रानं आधी निवडावीत. पानोचेला असं थोडंफार घडलंय. तिथल्या सौर प्रकल्पावरून बराच काळ वाद होता, २०१७ मध्ये तडजोड झाली, प्रकल्प लहान झाला आणि खोऱ्यातली बरीच मोठी जमीन कायमची राखली गेली. सौर पॅनेल लागलेच पाहिजेत असं मीही म्हणते. ते आधीच नांगरलेल्या, खारवलेल्या, खोऱ्याच्या तळातल्या जमिनीवर लागावेत, इतकंच.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. लहानपणी त्या भागातून एसटीने जाताना मोठी माणसं खिडकीबाहेर बघून म्हणायची, नुसतं पडीक रान, काही उपयोगाचं नाही. तिथला माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झालाय. माळ म्हणजे रिकामी जागा, हा समज मी इथेही रोज ऐकते, तोही सुशिक्षित लोकांकडून, आणि मला त्याचा त्रास होतो. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

किरण, तुमच्या कामाच्या संदर्भात एकच विनंती. पश्चिम कडेच्या, बरीच वर्षं न नांगरलेल्या शेतावर काम घ्याल तेव्हा पाहणी कराराच्या वेळीच लावायला सांगा, चर आखल्यावर नको. सौरकण यांनी तेच लिहिलंय. बिळं दिसली तर पाइपची ओळ वीस-तीस फूट सरकवून बहुतेक वेळा काम होतं. बिळाच्या तोंडाशी ताजी माती, द्राक्षाच्या बीइतक्या लांबट लेंड्या किंवा शेपूट ओढल्याची रेघ दिसली तर आत कुणीतरी राहतंय असं धरून चाला आणि जीवशास्त्रज्ञाला बोलवा. मुलीला घेऊन पुढच्या मोसमात आलात आणि आमचं काम त्या भागात चालू असलं तर इथे निरोप टाका. सापळे आम्हालाच हाताळावे लागतील, पण रात्रीच्या फेरीला गाडीतून यायला हरकत नसते, मी वरिष्ठांना विचारून कळवते.